हैबतराव सरकारांनी चिंचोक्यास कौल लाविला त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. तिचे कृपेने लेखणी चालते आणि तिचेच धाकाने खोटे लिहवत नाही. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध द्वितीया, म्हणजे भाऊबीज, ते दिवशी हैबतराव सरकार यांची मान भर चौकात खाली गेली, ती कैसी गेली याचा मजकूर येणेप्रमाणे. संवत्सराचे नाव दुर्मुख, परंतु त्या बिचाऱ्याचा यांत काही दोष नाही. कोंबडे झाकिले म्हणोन तांबडे फुटायचे राहात नाही, सबब झाकझूक न करिता लिहिले असे.

राज्य लहान. नाव सांगोन उपयोग नाही, ऐकणारास ठाऊक नसावयाचे. चार गढ्या, एक नदी, आणि थोर थोर राजे स्वारीस निघाले म्हणजे वाटेत लागे, इतकीच त्याची कीर्ती. राज्याचे धनी हैबतराव. नाव हैबत आणि जीव हाय खाल्लेला, ऐसा प्रकार. मूळचे ऐसे नव्हते. ऐन उमेदीत भर पुरात नदी उतरोन पलीकडील ठाणे घ्यावे ऐसा हुकूम त्यांणी आपले जिभेने दिला, आणि कारभारी नको म्हणत होते, मेहुणे सुभानजीराव नको म्हणत होते, तरी दिला, आणि मग व्हावयाचे ते जाहले. माणसे वाहोन गेली, ठाणे हाती आले नाही, आणि सुभानजीराव घोड्याखाली सापडोन उजवा पाय गमावोन बसले. या सुभानजीरावांची स्त्री म्हणजे सरकारांची सख्खी थोरली बहीण दर्याबाई आक्कासाहेब, जिणे आईमागे सरकारांस न्हाऊ घातले, जेवू घातले आणि प्रसंगी दोन धपाटेही घातले. नवरा कुबडी घेवोन उठला, तरी बाईने भावास एक शब्द लाविला नाही. सुभानजीरावांनीही लाविला नाही. दोघांनी मिळोन शिव्या दिल्या असत्या तर सरकारांस रात्री झोप लागली असती.

ते दिवसापासोन हुकूम देणे म्हणजे सरकारांस तोंडात निखारा धरणे जाहले. मोठी कामे कारभारी नारोपंत यांचे गळ्यात घातली आणि आपणाकडे बारीकसारीक ठेविली, की पागोटे कोणते बांधावे, घोडा कोणता काढावा, भात जेवावा की भाकरी. तो त्यांतही जीभ अडखळो लागली. मग एके दिवशी राणीसाहेबांचा खेळाचा पट मांडिला होता, त्यातील फोडलेला चिंचोका सरकारांनी सहज उचलिला, एक अंग काळे, एक अंग पांढरे, आणि मनात धरिले की पांढरे पडले तर भाकरी, काळे पडले तर भात, आणि टाकिला, आणि पांढरे पडले. भाकरी आली, ती करपली होती. परंतु सरकारांस कैक वर्षांनी प्रथमच हलके वाटले, कारण की करपलेल्या भाकरीचा दोष आपला नव्हे, चिंचोक्याचा.

मग काय विचारता! चिंचोक्यास मखमलीची पिशवी शिवली, पिशवी कमरेस आली, आणि सकाळपासोन निजेपर्यंत चिंचोका पडो लागला. स्नान आता की मग, बागेत जावे की सज्जात, डावा जोडा आधी की उजवा. यथा राजा तथा प्रजा, या न्याये पहारेकरी चिंचोका टाकोन पहारा देवो लागले. एके दिवशी पंक्तीत भाजी अळणी लागली, म्हणोन मुदपाकखान्यातील आचारी सखोबा यास बोलाविले, तो हात जोडोन म्हणाला, "सरकार, मीठ घालू का नको म्हणून टाकला, तर काळं पडलं. मी काय करणार?" सरकारांनी त्याकडे पाहिले, त्याणे सरकारांकडे पाहिले, आणि सरकार अळणी भाजी जेवोन उठले.

इथवर हसण्याचा मजकूर. पुढील लिहिताना हसू येत नाही.

आक्कासाहेबांचे सासर दोन मजलांवर, म्हणजे दोन दिवसांचे वाटेवर. दरसाल भाऊबिजेचे बोलावणे येई, आणि दरसाल सरकारांस धास्ती पडे, की तिकडे जावे तर चौकात ती कुबडी टक टक वाजेल, आणि ती ऐकोन घ्यावी लागेल. नाही म्हणावे तर तेही आपले जिभेने म्हणावे लागेल. सबब चिंचोका टाकीत. काळे पडले की न जात. पांढरे पडले तर नीट पडला नाही म्हणोन पुन्हा टाकीत, काळे पडेतोवर टाकीत, आणि मग निरोप धाडीत की राजकारण फार, येणे होत नाही. आक्कासाहेबांनी तो निरोप खरा धरिला. सासरी जावा विचारीत, "काय हो, भाऊ नाही आला औंदा?" तेव्हा बाई मान ताठ ठेवोन सांगत, "राज्याचा गाडा ओढायचा म्हणजे खेळ आहे का? त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते." आणि सांज जाहली म्हणजे अंगणात जावोन, ज्या बहिणीस भाऊ नाही तिणे करावे तैसे, चंद्राची कोर ओवाळोन येत.

त्या दुर्मुख साली सरकारांनी चिंचोका टाकिला, तो पांढरे पडले. पुन्हा टाकिला, पांढरे. कपाळाचा घाम पुसोन तिसऱ्याने टाकिला, तरी पांढरे. चौथ्याने उचलावयास वाकले, तो नारोपंत कारभारी जवळ होते, मोठे विद्वान आणि तितकेच भोळे, त्यांचे डोळ्यांत पाणी आले आणि त्यांणी चिंचोका उचलोन मस्तकास लाविला आणि म्हणाले, "सरकार, तीनदा पांढरं! देवीच बोलावते आहे. आता टाकू नये." मग इलाज राहिला नाही. खाशी स्वारी निघाली.

सरकार सांजवेळी पोहोचले. आक्कासाहेब धावत उंबऱ्यापर्यंत आल्या, भावाचे तोंड दोन्ही हातांत धरिले आणि म्हणाल्या, "अरे हैबती, किती वाळलास रे! आलास, बास, मला काही नको." आणि मागे वळोन जावांकडे ऐसे पाहिले की जैसे ठाणे जिंकिले. चौकात पाट मांडिला, रांगोळी काढिली, सारे घर जमा जाहले, सुभानजीरावही कुबडी टेकीत आले आणि खांबापाशी बसले. बाईने तबक उचलिले, निरांजन भावाचे मुखाभोवती फिरविले, आणि तेच वेळी नारोपंतांस भरते येवोन ते सर्वांस ऐको जाईल ऐसे म्हणाले, "आक्कासाहेब, काय सांगू दैवाची करणी! यावे की न यावे म्हणून सरकारांनी चिंचोका टाकिला. पांढरे पडले. पुन्हा टाकिला, पुन्हा पांढरे! तिसऱ्यानेही पांढरे! बहिणीची माया ही ऐसी असते!"

नारोपंत एकटेच हसले. तबक जागीच थांबले. बाई अडाणी नव्हती. एकदा पांढरे पडल्यावर दुसऱ्याने कोण टाकितो आणि कशासाठी टाकितो, हे कळावयास पंडित लागत नाही. थोरल्या जाऊबाई पदराआडोन म्हणाल्या, "अगं बाई, तीनदा? म्हणजे राज्याचा गाडा तो हाच होय!" आणि बायका खुदखुदल्या. आक्कासाहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल जाहला. सरकारांनी तेव्हा एक शब्द बोलावयाचा होता. आपली चूक, एवढे म्हणावयाचे होते. परंतु नारोपंतांचे कौतुक खरे म्हणोन चालो दिले, आणि पाटावर मान खाली घालोन बसले. बाईने उरलेले ओवाळणे यथासांग पुरे केले, अक्षता टाकिल्या, आणि म्हणाल्या, "उठावं सरकार. पानं वाढली आहेत."

हैबती म्हणोन आत घेतलेला मनुष्य सरकार होवोन पाटावरोन उठला. ते एक अक्षर सरकारांस तोफेचे गोळ्याहोन अधिक लागले. जेवणात शेजारी सुभानजीराव बसले होते, ते इतकेच म्हणाले, "वाटेत नदीला पाणी फार नव्हतं ना?" आणि सरकारांस धरणी दुभंगेल तर बरे ऐसे जाहले.

जेवणानंतर सरकार परसात गेले. तेथे तुळशीपाशी आक्कासाहेब उभ्या होत्या. सरकार म्हणाले, "आक्का, पांढरंच पडलं ना शेवटी. आलो ना मी."

"आलास," बाई म्हणाल्या. "काळं पडलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं असतं, कामात असेल. इतकी वर्षं तेच म्हणत आले, आणि मला ते खरं वाटत होतं. ते तेवढं माझ्यापाशी होतं, हैबती. ते आज तू चार बायकांसमोर काढून घेतलंस."

"मला यायला तोंड नव्हतं. त्यांचा पाय—"

"ते पायाचं कधी काढत नाहीत. तूच उराशी धरून बसलायस. त्यांना भाऊबिजेला माझ्या तोंडाकडं बघवायचं नाही, एवढंच." आणि चंद्राची कोर मावळली होती त्या आकाशाकडे हात करोन म्हणाल्या, "तो चंद्र, तो दरसाल यायचा. ढगाआड असला तरी यायचा. त्यानं कधी कुणाला विचारलं नाही, जाऊ का नको म्हणून." मग डोळे पुसले आणि आत गेल्या. सरकारांस आत जाण्याचा धीर जाहला नाही, ते पहाटेच निघाले, आणि निरोप घ्यावयाचा तोही घेतला नाही, हे लाजेवर आणखी एक पुट चढले.

परतोन आल्यावर सरकारांनी चिंचोका पटाचे डब्यात ठेविला. वाटले, संपले. तो पागोटे निवडावयास दोन घटका लागल्या. आचारी विचारी, "भात का भाकरी?" आणि सरकार खांबाकडे पाहात राहात. भाकरी म्हणाले आणि करपली निघाली तर आता बोलावयास जागा नव्हती, आपण सांगितली, आपण जेवावी. हळोहळो कळो लागले की करपलेली भाकरी मनुष्य जेवू शकतो. परंतु एकांतात बसले की ते खुदखुदणे कानी येई, आणि आपण न बोललेला तो शब्द आठवे. नारोपंत मात्र येईल जाईल त्यास तीन पांढऱ्यांची गोष्ट रंगवोन सांगत. सरकारांनी त्यांस वर्षभर गप्प केले नाही. तितकेही धैर्य नव्हते.

पुढील शके, हेमलंबी नाम संवत्सरे, भाऊबीज आली. त्या साली बोलावणे आले नाही. सरकार बोलाविल्यावाचोन निघाले, वर्दी दिली नाही, सोबत नारोपंत आणि एक स्वार, आणि भल्या सकाळी बहिणीचे दारी उतरले. चौकात जावा सडा घालीत होत्या. थोरल्या जाऊबाईंनी पाहिले आणि हंडा खाली ठेवोन म्हणाल्या, "या सरकार! औंदा किती वेळा पांढरं पडलं?"

नारोपंतांनी उत्तर द्यावयास तोंड उघडिले, तो सरकारांनी त्यांस हाताने थांबविले. पागोटे हातात घेतले आणि चौकाचे मध्यभागी उभे राहोन म्हणाले, "टाकला नाही. आणि वहिनी, गेल्या साली तीनदा टाकला, तो देवीनं बोलावलं म्हणून नव्हे. मला यायचं नव्हतं, म्हणून काळं पडायची वाट बघत होतो. त्याआधी दरसाल असंच केलं. राज्याचं काम कधीच नव्हतं. आक्का तुम्हांला सांगायची ते तिला खरं वाटायचं, खोटा मी. भाऊजींचा पाय माझ्या हुकमानं गेला, आणि त्यांच्या समोर यायची मला लाज वाटायची. हसायचं असेल तर मला हसा."

कोणी हसले नाही. जाऊबाईंनी हंडा उचलिला आणि उगीच दुसऱ्या हातात घेतला. नारोपंत धोतराचा सोगा चाचपीत जमिनीकडे पाहो लागले. खांबापाशी कुबडी वाजली आणि सुभानजीराव उभे राहिले. मग माजघराचे दारात आक्कासाहेब आल्या. किती वेळ ऐकत होत्या, देवी जाणे. भावाकडे एकवार पाहिले, पागोटे त्याचे हातातोन काढोन खुंटीस लाविले आणि म्हणाल्या, "ये, बस पाटावर. तेल मघापासनं गार होतंय."

सरकार येणार हे त्या घरी कोणास ठाऊक नव्हते. बोलाविले नव्हते, कळविले नव्हते. मग तेल कोणासाठी तापविले, हे विचारावयाची सरकारांची छाती जाहली नाही. पाटावर बसले, बाईने डोक्यावर तेल ओतिले आणि लहानपणी चोळी तैसे खसाखसा चोळिले, आणि तेल डोळ्यांत गेल्याचे निमित्त करोन सरकार पोरासारखे रडले.

तात्पर्य, हैबतराव सरकार यांणी राज्य बहुत वर्षे केले, मुलूख वाढविला नाही, गमाविलाही नाही. पुढे दर भाऊबिजेस आपले पायांनी गेले. लोक त्यांचे बंधुप्रेम वाखाणीत, तेव्हा ते मान खाली घालोन विषय बदलीत. येणेप्रमाणे हकीकत, कमीजास्त काही नाही. इति.