पाऊण तासात कॉम्प्युटर-सुरक्षा

"त्यात काय एवढं! पाऊण तासात दगडालासुद्धा समजावून सांगेन!" निवृत्त हेडक्लार्कसाहेबांनी वाचनालयाच्या ग्रंथपालांना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा दगड म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर साक्षात त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या वहिनी होत्या.

चार दिवस घरी भाषणाची तालीम चालली. साहेब शिकवत, वहिनी भाजी चिरत.

"फायरवॉल म्हणजे दारात खुर्ची टाकून बसलेली सासू. विचारपूस केल्याशिवाय आत सोडत नाही!"

"मग तिला बंद कसं करतात?"

"तो विषय नाही! पासवर्ड म्हणजे बाहेरचं कुलूप आणि ओटीपी म्हणजे आतली कडी. आता फिशिंग. अनोळखी नंबर, गोड आवाज, भलतीच घाई आणि शेवटी, ओटीपी सांगा! काय करायचं?"

"फोन ठेवून द्यायचा."

"शाबास!"

भाषणाच्या दिवशी साहेब नवा सदरा घालून वाचनालयात पोचले. मोबाइल मात्र घरीच चार्जिंगला राहिला. भाषणाची सगळी चित्रं होती त्यांच्या इंटरनेटवरच्या खात्यात. खात्यानं परका कॉम्प्युटर पाहिला आणि लगेच आतली कडी लावली! ओटीपी गेला घरच्या मोबाइलवर. समोर चाळीस पेन्शनर ताटकळलेले. ग्रंथपालांनी आपला फोन पुढे केला. तो बिघडलेला, फक्त स्पीकरवर बोलायचा.

"अगं, मी बोलतोय! आत्ता ओटीपी आलाय ना, पटकन सांग!"

"अनोळखी नंबर. भलतीच घाई," वहिनी बोटं मोजत असल्यासारख्या म्हणाल्या. "आवाज तेवढा गोड नाही. बाळा, तुझ्या आईला माहीत आहे का तू हे धंदे करतोस?"

हॉलमध्ये खसखस पिकली.

"अगं, माझा आवाजही ओळखत नाहीस?"

"हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब काढतात. ह्यांनीच सांगितलंय. ठेवते!"

साहेबांनी पुन्हा फोन लावला. "ठेवू नकोस! काय हवं ते विचार!"

"लग्नाचा वाढदिवस?"

"अकरा मे!"

"ते फेसबुकवर आहे. सकाळी निघताना ह्यांनी मला काय विचारलं?"

साहेबांनी हॉलकडे पाठ केली. "सदरा पोटावर ताणलेला दिसतो का..."

"मोठ्यानं बोल, बाळा!"

"सदरा पोटावर ताणलेला दिसतो का!!"

"हे काय, सगळेच नवरे विचारतात."

मागच्या रांगेतल्या दोघांनी पिशव्या उचलल्या. सदतीस वर्षं ऑफिसात ज्यांच्या शब्दाशिवाय फाइल हलली नाही, त्या साहेबांची अब्रू आता उठून घरी चालली होती. त्यांचा धीर सुटला.

"अगं, माझा पासवर्ड 'चिमणी' आहे! चिमणी आणि पुढे आपल्या लग्नाचं साल! तुला तोंडानं तसं म्हणायची कायम लाज वाटली, म्हणून तिथं लिहिलं!"



"अहो," वहिनींचा आवाज एकदम मऊ झाला, "तुम्हीच आहात. भर सभेत पासवर्ड ओरडून सांगणारा चोर अजून जन्माला यायचाय!" आणि त्यांनी सहा आकडे सावकाश, दोनदा सांगितले.

पडदा उजळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी घाम पुसला, घसा खाकरला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सुरुवात करण्यापूर्वी कुणाला काही शंका?"

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी वही मांडीवर ठेवून पेन वर केलं.

"बाकी सगळं उतरवून घेतलंय, साहेब. लग्न तेवढं कुठल्या साली झालं?"