दोन महिने मागचे काकाजी

आमच्या वर्ध्याच्या वाचनालयात एक माणूस असा होता, की ताजं वर्तमानपत्र कुणी मोठ्यानं वाचायला घेतलं की तो दोन्ही कानांवर हात ठेवायचा.

"परदेशचं नका वाचू रे बाप्पा! माझा अंक यायचा आहे अजून!"

हे गणपतराव ढगे. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणे. कापूस बाजारात त्यांनी जन्मभर कापसाची पारख केली. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरायची, हलकेच ओढायची आणि तंतू किती लांब निघतो ते नजरेनं मोजायचं. नोकरी संपली तरी बोटांची सवय संपली नाही. समोरचा माणूस बोलू लागला, की काकाजींची बोटं हवेतच चिमूट धरून ओढू लागत. पुढाऱ्याचं भाषण असो की लग्नाची बोलणी असोत, निकाल तिथल्या तिथे.

"धागा आखूड आहे बावा. कताईले नाई टिकणार."

माझ्या पहिल्या पत्रकाचंही त्यांनी हेच केलं होतं. ही सत्तावन सालाच्या आसपासची गोष्ट; मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. खेड्यापाड्यांत बाळंतिणीसाठी दवाखाना व्हावा म्हणून आम्ही पाच-सहा पोरांनी चळवळ उभी केली होती आणि पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. दर वाक्याला एक उद्गारचिन्ह, कधी दोन. मी वाचनालयात शिरलो की काकाजी विचारत, "काय पत्रकवाले, आज कोनाले जाळलं?"

त्यांचा अंक म्हणजे कॅनडातलं एक साप्ताहिक. तिथली एक मुलगी पूर्वी आमच्या गावाजवळच्या नालवाडीला सूतकताई शिकायला आली होती. रुई ओळखायला तिला काकाजींनी शिकवलं. ती परत गेली आणि तिचा बाप, गहू पिकवणारा शेतकरी, आपल्या पुरोगामी शेतकरी-मजूर मंडळींचं साप्ताहिक काकाजींना पाठवू लागला. अंक बोटीनं यायचा, म्हणजे इथे पोचेपर्यंत दोन महिने जुना. पण काकाजींचा नियम असा, की जे होईल ते अंकातूनच कळलं पाहिजे, क्रमानं कळलं पाहिजे, आधी नाही. त्यामुळे हा माणूस कायम दोन महिने मागे राहायचा. वर्ध्याच्या उन्हात पाखरं पटापट पडत असायची आणि काकाजी उपरण्यानं घाम पुसत सांगायचे, "औंदा तिकडे बर्फ लयच पडून राह्यला. पेरण्या लांबते वाटते."

तिथलं राजकारण मात्र ते घरच्या भांडणासारखं सांगत. सत्तेवरच्या मंत्र्यांना त्यांनी कापसाच्या प्रतीच वाटून दिल्या होत्या. एक मंत्री "वरून रुई, आतून सरकी", तर दुसरा "पावसात भिजलेलं बोंड". म्हाताऱ्यांना सरसकट पेन्शन मिळतं, कुणापुढे हात पसरावा लागत नाही, हे सांगताना ते उपरणं डोळ्यांना लावत. आणि तिथल्या मूळच्या लोकांना, ज्यांच्या जमिनीवर तो देश बसलाय त्यांनाच, मताचा हक्क नाही, हे सांगताना ते टेबलावर अशी मूठ आपटत की ग्रंथपाल दौत उचलून घ्यायचे. त्यावर काकाजींनी त्या साप्ताहिकाला इंग्रजीत पत्र धाडलं होतं आणि ते छापूनही आलं होतं. त्याचं मराठी ते सगळ्यांना ऐकवत: "ज्याच्या अंगणात पंगत मांडली, त्याच्यापुढेच पान काऊन नाई?"

वाक्य चांगलं होतं. इतकं चांगलं, की मला त्याचा राग आला.

"काकाजी," मी म्हणालो, "आपल्या खेड्यात बाई अडली तर बैलगाडी जुंपावी लागते. त्यावर लिहा ना एखादं पत्र!"

"तू लिहितोस ना बाबू."

"मग निदान आमच्या सभेला या. संध्याकाळी पाच वाजता."

"संध्याकाळी नाई जमत."

"रोज संध्याकाळी काय असतं तुम्हाला?"

"असते काईतरी," म्हणत ते उठले आणि छत्री घेऊन चालू लागले.

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी घरी गेलो आणि पत्रक लिहिलं. त्यात एक ओळ होती: 'सातासमुद्रापलीकडचं ज्यांना दिसतं आणि दारातलं दिसत नाही, त्यांनी आपली दुर्बीण विकून टाकावी!!' नाव कुणाचंच नव्हतं. वाचनालयात सगळे काकाजींकडे बघून हसले. काकाजींनी पत्रक दोनदा वाचलं, हवेत बोटं ओढली आणि म्हणाले, "हे लांब धाग्याचं आहे बावा. सुधारलास."

मी आणखी चिडलो. चिडलेल्या माणसाला शाबासकीसारखं दुसरं काही झोंबत नाही.

त्या उन्हाळ्यात काकाजींच्या डोक्यात एकच विषय होता. कॅनडात दवाखान्याचा कायदा येणार होता. गरीब असो की श्रीमंत, आजारी माणसाच्या खाटेचा भार सरकारनं उचलायचा. दर अंकात तो कायदा दोन पावलं पुढे सरके, एक मागे. काकाजी येऊन आम्हाला सांगत, "आणखी एक प्रांत राजी झाला. बाकीचे एकमेकांची तोंडं पाहून राह्यले." मग डोळे मिटून म्हणत, "होते कायदा. होते बहुतेक. पण घाई नाई करायची."

आणि एका सकाळी नागपूरहून आलेल्या पेपरात, आतल्या पानावर, कोपऱ्यात चार ओळी होत्या. कायदा मंजूर झाला होता.

काकाजी आत शिरले, खुर्चीवर टेकले. मी विचारलं, "आज सभा आहे. येता?"

"संध्याकाळी..."

"नाई जमत! ठाऊक आहे मला!" मी पेपर उघडला. काकाजींचे हात कानांकडे गेले. मी ओरडूनच वाचलं. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं. "घ्या काकाजी, झाला तुमचा कायदा मंजूर! मिळाला कॅनडाला दवाखाना! आता तरी रिकामे झालात ना? आता तरी इथल्याकरिता या!"

माझी अशी समजूत होती, की बातमी आनंदाची आहे, म्हातारा उठून नाचेल. काकाजींनी कानांवरचे हात खाली घेतले. बोटांनी काही ओढलं नाही. त्यांनी छत्री उचलली, परत खाली ठेवली आणि एवढंच म्हणाले, "आता घरी कसं जाऊ?"

लोक हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

त्यानंतर ते वाचनालयात दिसेनात. आठ दिवसांनी मी निवेदनावर सह्या गोळा करत त्यांच्या गल्लीत शिरलो. दार उघडंच होतं. काकाजी चुलीपाशी कण्या ढवळत होते. खिडकीखालच्या खाटेवर एक बाई पडून होत्या. अंगानं वाळलेल्या, पण डोळे तल्लख. कमरेखालचं अंग पांघरुणात नुसतंच पडलेलं दिसत होतं. काकाजींच्या घरी बायको आहे हे मला ठाऊक होतं. ती खाटेवर आहे, सहा वर्षांपासून आहे, हे वाचनालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"कोन आलं जी?" त्यांनी विचारलं.

"पत्रकवाला आहे," काकाजी पाठमोरेच म्हणाले.

"तूच का तो?" बाई माझ्याकडे बघून हसल्या. "लय घाई झालती का बाबू तुले?"

मी उंबऱ्यावर टेकलो. त्याच बोलत होत्या. रोज संध्याकाळी, उजेड आहे तोवर, काकाजी अंकातलं एक पान त्यांना मराठीतून वाचून दाखवत. एकच पान. सगळं एकदम नाही, नाहीतर पुढचा अंक येईपर्यंत पुरणार कसं? नालवाडीला शिकायला आलेली ती मुलगी याच खाटेवर बसून त्यांची वेणी घालायची. यांना लेकरू नव्हतं. "आपल्या पोरीच्या गावची खबर आहे ते," त्या म्हणाल्या. "आनं ते पंगतीचं पत्र ठाऊक आहे ना तुले? ते मी सांगतलं. यायनं फक्त इंग्रजी केलं."

"खरं आहे," चुलीजवळून काकाजी म्हणाले.

"मंग त्या दिवशी हे घरी आले, आनं मी तोंडाकडे पाह्यलं. म्हटलं, झाला ना जी कायदा? तर हे म्हणते, नाई नाई, मले काई ठाऊक नाई." त्या पुन्हा हसल्या. "जन्मभर दुसऱ्याचा कापूस पारखला, आनं सोताले लपवता नाई येत."

"काकूजी, माझं चुकलं. मला वाटलं, चांगली बातमी आहे."

"चांगलीच आहे. वाईट कोन म्हणते?" त्या खिडकीकडे बघू लागल्या. "पण अजून आठ-नऊ अंक होते ना बाबू त्याच्यात. दोन महिने पुरलं असतं मले."

मी निवेदन परत पिशवीत टाकू लागलो तर त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. बाळंतिणीचं आहे ना?" त्यांनी अंगठा उमटवला. अंगठ्याची शाई काकाजींनी पुसली, त्यांच्याच पदरानं, हळू.

आमची सभा झाली. निवेदन वर गेलं, आणि वरच राहिलं. पाऊस लागायच्या आधीच काकूजी गेल्या.

पोळ्याच्या सुमारास मी पुन्हा भेटायला गेलो तेव्हा कोनाड्यात अंकांची चळत होती. वेष्टनं तशीच. एकही फोडलेलं नव्हतं.

"वाचत नाही का काकाजी?"

"कोनाले वाचू?"

मी तिथेच जमिनीवर बसलो. वरचं वेष्टन उचललं. काकाजींनी ते हातातून काढून घेतलं आणि सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं, मला दिलं.

"इथून चालू कर. आनं सरळ वाचजो. पुढचं मधात नको सांगू."

माझं इंग्रजी काकाजींच्या तोडीचं नव्हतं. अडखळत, अर्थ लावत, मी मराठीतून सांगू लागलो. काकाजी खाटेकडे तोंड करून बसले होते. खाटेवरची वाकळ नीट घडी करून ठेवली होती. पहिल्याच पानावर कायदा सभागृहात आला होता. एका बाजूचे लोक उभे राहिले होते, दुसऱ्या बाजूचे बसून होते आणि मोजणी व्हायची होती. पान संपलं.

मी पुढचं पान उलटायला बोट ओलं केलं.

"थांब जरा," काकाजी म्हणाले. "इथं ती विचारे, मंग काय झालं म्हणून."

आम्ही दोघे थांबलो. पुढे काय झालं ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. बाहेर उजेड कमी होत होता. काकाजींची बोटं गुडघ्यावर चिमूट धरून काहीतरी हलकेच ओढत होती, तुटू नये इतकं हलकेच.

मी पान उलटलं नाही. अंक मिटला आणि म्हणालो, "उद्या सांगतो."