येतो हं!

भाषेच्या बाबतीत आमच्या कारखान्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! ऑफिसात मला ‘पोपट’ म्हणतात ते काय उगाच? एकदा ऐकलं की बोललोच! (या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे म्हणे. पण आपण नेहमी चांगला तोच घ्यावा.)

तर आमचा कारखाना बिजागऱ्यांचा. परदेशातल्या एका बड्या कपाटवाल्या कंपनीला बिजागऱ्या हव्या होत्या. साहेबांनी मला बोलावलं.

“पोपटराव, तुम्ही जायचं. बरोबर दुभाषा देऊ?”

“दुभाषा? साहेब, महिनाभरात त्यांची भाषा अशी बोलेन की त्यांनाच दुभाषा लागेल!”

“बघा हं! ऑर्डर आणलीत तर परदेश विभाग तुमचा. नाही आणलीत, तर तुमच्या खुर्चीत आमचे मेहुणे आणि तुम्ही गोदामात!”

मेहुणे शेजारीच बसले होते. ते आत्तापासूनच माझ्याकडे कपड्याचं माप घेतल्यासारखे बघत होते.

मग काय, मोबाइलवरून धडे घेतले. उठता-बसता घोकंपट्टी! बायको वैतागली. “झोपेत काय बरळता तेही आता कळत नाही. पूर्वी निदान त्यावरून भांडता तरी यायचं!”

निघायच्या दिवशी आई दारात आली.

“आई, जातो गं.”

“अभद्र कुठला! जातो काय? येतो म्हण!”

“बरं बाई, येतो!”

“आणि तिकडेही तसंच म्हणायचं. कुठल्याही दारातून बाहेर पडताना! देश परका असला तरी तोंड आपलंच आहे ना?”

आईचा शब्द मी कधी खाली पडू दिलेला नाही. तिथे पोचलो, टॅक्सीने हॉटेलवर आलो, बॅग उतरवली आणि ड्रायव्हरला त्याच्या भाषेत झोकात म्हणालो, “बराय, येतो हं!” त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरतो तर टॅक्सी तिथेच! ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टेकून घोरतोय. काय ही सेवा, म्हणून मी खूश होऊन आत बसलो.

कपाटवाल्या कंपनीत तिघं माझी वाट बघत होते. मालकीणबाई, त्यांचा सडपातळ हिशेबनीस आणि एक टकलू इंजिनियर. मी असा काही सुटलो की विचारू नका! बिजागरी उघडून दाखवली, मिटून दाखवली, कानाला लावून ऐकवली. जराही करकर नाही!

मालकीणबाई म्हणाल्या, “माल चांगला आहे. पण मी माणूसही पारखते. बिजागरी हलली तरी चालेल, माणूस शब्दावरून हलता कामा नये!”

“अगदी माझ्या मनातलं बोललात!” मी उठलो. “बराय मंडळी, येतो हं!”

उठू लागलेले तिघं चटकन पुन्हा बसले. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं असेल बुवा इकडची पद्धत. मग बाजारात फिरलो, बायकोसाठी छत्री घेतली, जेवलो आणि ताणून दिली.

सकाळी बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि दचकलोच! तिघंही कालच्याच खुर्च्यांत, कालच्याच कपड्यांत! इंजिनियर माझ्या नमुन्यांवर डोकं ठेवून झोपलेला. गालावर बिजागरीचा शिक्का, भोकांसकट! मालकीणबाई मात्र ताठ. डोळे लालभडक.

“आलात?”

“आलो की!”

“रात्रभर कुठे होतात?”

“हॉटेलात. काय छान झोप लागली म्हणून सांगू!”

हिशेबनीसाने हुंदका दिला.

“अहो, तुम्ही ‘येतो’ म्हणाला होतात!” मालकीणबाई म्हणाल्या.

“म्हणूनच गेलो ना!”

“येतो म्हणून गेलात?”

“हो. आमच्यात जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो.”

“आणि येणारा?”

“तोही ‘येतो’च म्हणतो.”

“मग ‘जातो’ कोण म्हणतं?”

“कोणीच नाही. ते अभद्र असतं!”

मालकीणबाईंनी माझा एक नमुना उचलला. मग इंजिनियरला म्हणाल्या, “याच्या बिजागऱ्या पुन्हा तपास. उघडताना मिटत असतील!”

माझ्या डोळ्यांपुढे गोदाम दिसायला लागलं, माझ्या खुर्चीत पाय पसरून बसलेले मेहुणे दिसायला लागले. मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि ठरवलं, आता जायचं असेल तर सरळ ‘जातो’ म्हणायचं!

भावाची बोलणी सुरू झाली. मालकीणबाईंनी असा भाव सांगितला की त्यात बिजागरीचं एक भोकसुद्धा येणार नाही! मी घाबरून कॉफी पीत सुटलो. त्या भाव सांगत होत्या, मी कप रिकामे करत होतो. शेवटी जे व्हायचं तेच झालं. मला लागली! आणि तीही अशी की ज्याचं नाव ते!

मी ताडकन उठलो आणि स्पष्ट शब्दांत म्हणालो, “मी जातो!”

मालकीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“कुठे?” हिशेबनीसाने विचारलं.

आणि तो शब्द मला आठवेना! आठवणार कुठून? मोबाइलच्या धड्यांत विमानतळ होता, संग्रहालय होतं, संडास नव्हता!

“आता बोलण्यात अर्थ नाही,” मी दात आवळून म्हणालो. “आणखी थांबणं मला शक्य नाही!”

मालकीणबाई धावत दारात आडव्या उभ्या राहिल्या. “असं रागावू नका! भाव वाढवते.”

“नको हो!”

“आणखी वाढवते!”

“बाई, मला जाऊ द्या!”

“बरं, तुमचाच भाव! आणि कपाटांबरोबर दारांच्याही बिजागऱ्या तुमच्याच! मग तर झालं?”

मी सही कुठे केली, कशी केली, देव जाणे. पाय जमिनीवर ठरत नव्हते! सही झाली तसा मी त्यांच्या काखेखालून पसार झालो.

परत आलो तेव्हा जग किती सुंदर दिसत होतं! त्या आनंदात मी हात पसरून म्हणालो, “या ना एकदा आमच्या घरी! सगळेच या. आमच्याकडेच उतरा!” आपण म्हणतो तसं म्हणालो हो. हिशेबनीसाने पत्ता मागितला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

परतल्यावर साहेबांनी मला मिठीच मारली. “काय ताणून धरलंत हो!”

“धरलं खरं,” मी म्हणालो.

मेहुणे गोदामात गेले, परदेश विभाग मला मिळाला आणि मी सुखाने नांदू लागलो.

अन् एका रविवारी सकाळी बेल वाजली. मी बनियनवर दार उघडलं. दारात मालकीणबाई, हिशेबनीस, इंजिनियर, ही थोरली सामानाची चळत आणि सगळ्यात मागे, तो टॅक्सी ड्रायव्हर!

“अरे, तू कसा?”

“परत निघताना विमानतळावर तुम्ही मला पुन्हा ‘येतो’ म्हणालात. वाट बघून बघून शेवटी मीच आलो.”

बायकोने मला आत ओढलं. “कोण हे?”

“मी त्यांना ‘या’ म्हणालो होतो.”

“किती दिवस?”

“ते नव्हतो म्हणालो.”

आमची खोली मालकीणबाईंना गेली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, ओट्याखाली. इंजिनियरने घरातलं एकूण एक दार काढून पुन्हा बसवलं. न्हाणीघराचं दार तर मी आत असताना! आई मात्र भलतीच खूश. तिने चौघांनाही आपली भाषा शिकवली, तीसुद्धा मोबाइलशिवाय!

एकदाच्या बॅगा भरल्या. बायकोच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मालकीणबाई उंबऱ्यात थांबल्या आणि आमच्या मराठीत स्वच्छ म्हणाल्या, “जाते.”

“अगंबाई!” आई ओरडली. “असं अभद्र बोलू नये! ‘येते’ म्हण, येते!”

“आई, नको!” मी किंचाळलो. पण उशीर झाला होता. मालकीणबाईंनी आईचा हात हातात घेतला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, “येते!”

“येतो,” हिशेबनीस म्हणाला.

“येतो,” इंजिनियर म्हणाला.

ड्रायव्हरने बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि सरळ आमच्या पलंगावर जाऊन बसला.

“परत यायचंच आहे ना,” तो म्हणाला, “मग मी जातो कशाला?”