नवरी पुन्हा दारापासून

पोटच्या पोरीला तिच्याच लग्नात, भर चर्चमध्ये, "मागे जा, पुन्हा दारापासून ये" असं सांगणारा बाप मी एकच पाहिला. आमचे वसईचे शेजारी, अंतोनकाका.

काका पियानो वाजवायचे. थोर कलावंत होते, असं त्यांचंच म्हणणं. मुंबईत मोठाल्या कॉन्सर्टमध्ये वाजवलं, कुणा ना कुणा गायिकेच्या मागे बसून. बड्या हॉटेलात वाजवलं, तिथे लोक त्यांनाच बाथरूम कुठे ते विचारत. उरलेली वीस वर्षं सिनेमाच्या स्टुडिओत. हिरॉइन रडत जिना उतरते ना, तेव्हा मागे जे टुणटुण ऐकू येतं, ते काका! पुढे वाद्यं वाजवणाऱ्या मशिनी आल्या आणि तेही थांबलं.

स्टुडिओत एक चुकला की "वन मोअर!", सगळ्यांना पहिल्यापासून. ती सवय अंगात मुरलेली. आमच्या हिने एकदा पुरणपोळी दिली. काका डोळे मिटून म्हणाले, "सुंदर! वन मोअर!" ही खूश. दुसरी खाऊन म्हणतात, "पहिलीच बरी होती."

काकांची बायको लवकर गेली, लेकीला, रेजिनाला, त्यांनीच वाढवलं. लग्नात बापाने लेकीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं असतं. काका म्हणाले, "ते तिचा मामा करील. मी वाजवणार." चर्चमध्ये चांगला कीबोर्ड असताना घरचा पियानो टेम्पोत घालून नेला. उचलणाऱ्या दोघांची कंबर धरली.

रेजिना मामाबरोबर अर्ध्यावर आली आणि काका थांबले. "चुकलं. वन मोअर! पुन्हा दारापासून." बिचारी मागे गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा फादरनी घड्याळ पाहिलं, मुलाकडचे कुजबुजू लागले. मी पियानोला खेटून बसलो होतो. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण काका दर वेळी नेमके एकाच जागी थांबत होते. मुद्दाम! मला तर रागच आला.

या वेळी रेजिना मागे गेली नाही. मामाचा हात सोडून सरळ पियानोपाशी आली.

"पप्पा, एकदाही चुकलं नाही तुमचं."

काका पट्ट्यांकडेच बघत राहिले. "तू तिथवर पोचलीस की संपलं ना गं. मग घरी कुणासाठी वाजवू?"

तिने हळूच पियानोचं झाकण लावलं. "उठा. मला मामा नको, तुम्ही न्या."

वाजवायला कुणी उरलंच नाही. बापलेक तशीच निघाली. अख्ख्या चर्चमध्ये काकांच्या नव्या बुटांची तेवढी करकर. वेदीपाशी जावयाने हात पुढे केला, आणि काकांनी लेकीचा हात त्याच्या हातात दिला.

मी हिच्याकडे रुमाल मागितला, तर म्हणते कशी, "थांबा हो, माझं होऊ दे आधी."