डाव्या खांद्याची वेणी

दिवाळी संपून निफाडची थंडी सुरू झाली की माझ्या बायकोचे दोन्ही खांदे माहेरी, गुहागरला निघून जातात. होळी झाली की परत येतात. एसटीत त्या दोघांना मिळून एक अर्धं तिकीट पडतं आणि कंडक्टर त्यांना खिडकीजवळ बसवतो. पोचल्यावर माझ्या मेहुण्याचा, अण्णांचा फोन येतो, "आले बरं का दोघेही. ओटीवर उन्हात बसलेत."

प्रमोदिनीची याबद्दल तक्रार नसते. हात जागच्या जागी असतात, पदर ती अंबाड्याला पिन लावून सांभाळते, पिशव्या मी उचलतो. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली होती. खांदे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तरी येतील का, एवढंच माझ्या आईने विचारलं. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली, पण पसंती कळवली.

यंदा मात्र पंचाईत झाली. आमची मुलगी मृदुला बाळंतपणाला पुण्याहून आली आणि मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. ही नात पाळण्यात झोपत नाही, मांडीवर झोपत नाही. तिला खांदाच लागतो. मी माझा देऊन पाहिला. तिने हनुवटी टेकवली, जरा विचार केला आणि भोकाड पसरलं.

"अहो, तुमचं हाड लागतंय तिला," प्रमोदिनी म्हणाली. "माझेच बोलवायला हवेत."

"एवढ्या थंडीत येतील?"

"उबेची सोय केली तर येतील. लोकरीचा केप विणा, खांद्यांपुरता. आणि वेणीच्या विणीचा हं. साधा विणलात तर ते ढुंकूनही बघायचे नाहीत."

विणकामात ती तरबेज आहे, पण खांद्यांशिवाय तिची कोपरं ठरत नाहीत. म्हणून सुया माझ्या हाती आल्या. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला उलटसुलट करणं काही अवघड नाही. तिने मला वेणी शिकवली: थोडे टाके जादा सुईवर घेऊन मागे धरायचे, पुढचे विणून घ्यायचे, मग मागचे विणायचे. झकास पीळ पडतो. माप जुन्या ब्लाउजवरून घेतलं. तिला एकदम पुरा झालेलाच दाखवायचा, म्हणून गच्चीवर लपून विणला. खाली नात रडत होती आणि मृदुलाचे डोळे जागरणाने खोल गेले होते. तिच्याकडे बघवत नव्हतं. त्यामुळे केप पुरा होताच, कुणाला न दाखवता, मी तडक गुहागरची एसटी धरली.

खांदे ओटीवरच होते. मी केप पसरला. उजवा लगेच आत शिरला. डावा भिंतीकडे सरकला.

"उजवा तयार आहे," अण्णा म्हणाले. "डाव्याची काहीतरी हरकत दिसते."

अण्णांच्या बायकोने, वहिनींनी केप उजेडात धरून पाहिला. "भावोजी, अहो, दोन्ही वेण्यांचा पीळ उजवीकडेच की! डाव्याकडे तुम्ही चक्क पाठ केलीत. डावीकडच्या वेणीला टाके पुढे धरायचे असतात."

मी डाव्याची माफी मागितली.

"माफी ठीक आहे," अण्णा म्हणाले, "पण उसवावं लागेल."

गुहागरच्या घामट दुपारी, मांडीवर लोकर घेऊन मी अर्धा केप उसवला आणि टाके पुढे धरून पुन्हा विणायला बसलो. मध्येच मृदुलाचा फोन आला. "बाबा, कधी येताय?" तिच्यामागून नातीचं रडणं ऐकू येत होतं. ते डाव्यानेही ऐकलं असावं. तो हळूच येऊन माझ्या गुडघ्याला टेकून बसला आणि वेणी पुरी होईपर्यंत हलला नाही. मला फार बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा पहाटेची थंडी मी म्हणत होती. प्रमोदिनीने खांदे जागेवर घेतले, वर केप घातला आणि नातीला उचललं. नातीने डाव्या खांद्यावर गाल ठेवला, वेणीचं टोक मुठीत धरलं आणि झोपली. मृदुला बसल्या जागीच झोपली. चहा करायचं कुणालाच सुचलं नाही.

होळीनंतर मृदुला पुण्याला जायला निघाली, तेव्हा नात डाव्या खांद्यावरून उतरेना. ओढून पाहिलं, खुळखुळा वाजवून पाहिला.

"जाऊ दे त्यालाही," प्रमोदिनी म्हणाली.

तो गेला. केप मधोमध उसवून डावी बाजू मी त्याच्याबरोबर दिली.

आता प्रमोदिनी डावीकडे जरा कलते. म्हणून संध्याकाळी ओट्यावर मी तिच्या डाव्या बाजूला बसतो आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकते. हाड लागतं, असं अजून एकदाही म्हणालेली नाही.

मृदुला फोनवर विचारते, "बाबा, खांदा कधी पाठवू?"

मी सांगतो, "घाई नाही गं. राहू दे."