भिंतीचं भोक आणि साहेबांचा हात

शनिवारी सकाळी हेडक्लार्कसाहेबांनी बेडरूमचं दार जरा जास्तच रुबाबात उघडलं आणि दाराची मूठ शेजारच्या भिंतीत घुसली. भिंत जिप्समची. लिंबाएवढं भोक पडलं. एरवी कॅलेंडर टांगून भागलं असतं, पण संध्याकाळी पाचला घरमालकीणबाई घर बघायला यायच्या होत्या. घर धड दिसलं तर भाडेकराराची मुदत वाढणार, नाहीतर बिऱ्हाड हलवायचं.

"कारागिराला फोन करते," बायको म्हणाली.

"कशाला? चाळीस माणसांचं ऑफिस चालवतो मी. ही तर पुठ्ठ्याची भिंत!"

साहेब रजेवर असले की ऑफिस जास्त बरं चालतं, हे त्या चाळीसही जणांना ठाऊक होतं.

पुट्टीचा डबा आला. साहेबांनी पहिला गोळा भोकात दाबला, तो आत पडला. दुसराही पडला. भिंत आतून पोकळ असते हे ध्यानात येईपर्यंत अर्धा डबा तिच्या पोटात गेला होता आणि भोक तसंच आ वासून होतं.

मग आत कागदाचे बोळे कोंबायचं ठरलं. कोंबता कोंबता हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. बायकोने कमरेला धरून ओढलं. हात सुटला, सोबत ताटाएवढा तुकडाही आला.

"आता तरी फोन करू?"

"आता तर सोपं झालं! चौकोनी कापायचं, चौकोनी तुकडा बसवायचा."

साहेबांनी करवत घेतली. डावी बाजू तिरकी गेली म्हणून उजवी कापली, उजवीला जुळवायला वरची. चौकोन काही होईना, भोक मात्र खिडकीएवढं झालं. शेवटच्या झटक्याला करवत भिंतीच्या पलीकडच्या जिप्समच्या फळीतूनही आरपार गेली. पलीकडच्या खोलीत लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई चहा पीत बसल्या होत्या.

"जावईबापू," शांत आवाज आला, "करवत इकडे आली बरं का."

"मुद्दामच, आई. काम दोन्ही बाजूंनी करायचंय."

"आतून लाकडी पट्टी मारून घेतली तर—"

"तुम्ही चहा घ्या. हे बायकांचं काम नाही."

सासूबाईंनी चहा घेतला.

साहेब नवी फळी आणायला गेले, तर दुकानदाराने माप विचारलं. ते घ्यायचं राहिलंच होतं. साहेबांनी दोन्ही हात फाकवून दाखवले. दुकानदाराने कीव येऊन अख्खी फळीच दिली. ती लिफ्टमध्ये मावेना. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अशी अडकली की वरचे डॉक्टर खाली येईनात आणि खालच्या मास्तरीणबाई वर जाईनात. तिघांनी मिळून जोर लावला. फळीचे तीन तुकडे झाले आणि साहेबांच्या कमरेत उसण भरली.

"पाच मिनिटं पडतो," म्हणत ते घरी येऊन आडवे झाले आणि घोरू लागले.

सासूबाईंनी बाह्या सारल्या. प्लास्टरची छतं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी जावयाने ते कधी विचारलं नव्हतं. त्यांनी भोक सरळ कापलं, आत पट्ट्या बसवल्या, तुकडे मापात कापून स्क्रूने आवळले, सांध्यांवर जाळी चिकटवून लवकर सुकणारं प्लास्टर ओढलं. लेकीने पंखा धरला. घासूनपुसून माळ्यावरच्या जुन्या रंगाचा हात फिरला, तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

घंटा वाजली तसे साहेब दचकून उठले. कमरेवर हात ठेवून बाहेर येतात तो घरमालकीणबाई भिंतीवरून बोटं फिरवत होत्या.

"इथे काम झालंय ना? पण सांधासुद्धा कळत नाही. कोणी केलं?"

साहेबांनी भिंत पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. सासूबाईंच्या नखांतलं पांढरं प्लास्टर दिसलं, तसं त्यांनी पटकन तोंड फिरवलं.

"केलं आपलं... घरच्या घरी," ते खाकरले.

"तुम्ही? वा! अहो, माझ्या घरी दोन खोल्यांचं छत उतरलंय, चांगला माणूस मिळत नाही. उद्या सकाळी आठला याच. काम बघते आणि तिथेच करारावर सही करते."

बाई गेल्या. साहेब सासूबाईंजवळ जाऊन बसले. अकरा वर्षांत प्रथमच.

"आई, उद्या सकाळी जरा माझ्याबरोबर..."

"उद्या? सकाळी सहाची माझी गाडी आहे."

"अगं, तू तर महिनाभर राहणार होतीस ना?" बायकोने विचारलं.

"होते," असं म्हणत सासूबाई बॅग भरायला आत गेल्या.