आल्याआल्या निरोप

शिक्षक शाळेत आणणं कुणालाही जमतं. तो टिकवायचा कसा, ते मला विचारा! निदान त्या सकाळपर्यंत तरी मी असं छाती फुगवून सांगत होतो.

मी मुख्याध्यापक. आमच्या शाळेत सगळं होतं, फक्त गणिताचा शिक्षक टिकत नव्हता. यायचा, खडू हातात घ्यायचा आणि शहरातल्या मोठ्या शाळेचं बोलावणं आलं की पसार. मधल्या काळात गणित मी शिकवायचो. माझा विषय इतिहास. त्यामुळे माझ्या तासाला त्रिकोणाचे कोन एकमेकांवर चाल करून जात आणि उत्तर तहात निघे. यंदा गणिताला माणूस मिळाला नाही तर दहावीचा वर्ग बंद, असं वरून बजावलं होतं. ती मुलं जाणार कुठे, या काळजीने माझी झोप उडाली होती.

अशात एक बाई मिळाल्या. शिकलेल्या, अनुभवी. पण त्यांनाही मोठ्या शाळेने विचारलं होतंच. "सामान घेऊनच येते. पटलं तर राहीन," म्हणाल्या. मी ठरवलं, स्वागतच असं करायचं की बाईंचा पाय निघता कामा नये.

गाण्याच्या बाईंना आणि शिपाईमामांना बोलावून सांगितलं, "उद्या गणिताच्या बाईंचा समारंभ आहे. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"त्यात काय सर, आपला हात बसलाय," गाण्याच्या बाई म्हणाल्या.

इथेच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी नव्या बाई हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या आणि मुलांनी चक्क निरोपाचं गाणं सुरू केलं! पहिल्या रांगेत पाचवीतली एक मुलगी होती, तिला सगळे 'नळ' म्हणायचे. ती हुंदके देऊ लागली. तिच्यामागे अख्खी रांग सुरू झाली. आमच्याकडे गणिताच्या शिक्षकाचा समारंभ म्हणजे निरोप, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. स्वागत कुणी पाहिलंच नव्हतं. तेवढा वेळच मिळायचा नाही.

एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आपण आम्हाला जे दिलंत ते आम्ही जन्मभर विसरणार नाही." बाईंनी तोवर त्याला फक्त ऑफिस कुठे आहे एवढं विचारलं होतं.

बाई माझ्याकडे वाकल्या. "सर, मला काढलं का?"

"छे छे! हे नुसतं प्रास्ताविक आहे."

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात भिंतीवरचं घड्याळ भेट म्हणून ठेवलं, आणि मामा घामाघूम होऊन दारात आले. "सर, बाईंचं सामान बसमध्ये चढवलं. खिडकीची जागा धरलीय."

"कुठल्या बसमध्ये?"

"नेहमीच्याच. शहरात जाते ती."

बाहेर हॉर्न वाजला आणि बस निघाली.

मी स्कूटर काढली. बाई मागे बसल्या, घड्याळ मांडीवर. बस पुढे, आम्ही मागे.

"सर, आतापर्यंत गणिताचे किती शिक्षक गेले?"

"मोजता आले नाहीत. मोजणाराच जातो."

बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आधीच्या शाळेत मी इतकी वर्षं काढली, पण निघताना कुणी मान वर करून पाहिलं नाही. इथे तर मुलं आल्याआल्या रडली."

गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. पण राहवलं नाही. "बाई, ती तुमच्यासाठी नाही रडली. आधी गेलेल्यांसाठी मनापासून रडली, आता सवयीने रडतात."

पुढच्या थांब्यावर बस गाठली. बाईंनी नुसतं चढायचं होतं, बस शहरातच चालली होती.

"चढताय की सामान उतरवू?" कंडक्टर खेकसला.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "उतरवा," म्हणाल्या. "ही सवय मोडायला हवी."

मोडली! बाई राहिल्या, दहावीचा वर्ग राहिला, त्रिकोणांत शांतता नांदू लागली.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. माझा समारंभ झाला. गाण्याच्या बाईंना निरोपाच्या गाण्याची पहिलीच ओळ आठवेना. मुलं बिस्किटांकडे बघत होती. आता दहावीत असलेली नळ पहिल्या रांगेत कोरडी ठणठणीत! अख्ख्या हॉलमध्ये रडलो तो मी एकटाच. गणिताच्या बाईंनी तेच जुनं घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

शेवटी मी आशेने मामांकडे पाहिलं. सामान तरी कुणी बसपर्यंत नेईल की नाही?

"सवय गेली हो, सर," मामा म्हणाले. "एक बाजू तुम्ही धरा."